फोडलेला साचा

बुधवार, दि. १९ नोव्हेंबर. सकाळी धुकं. दूध उशिरा आलं. सूनबाईने चहा अर्धाच घेतला, चादरींच्या कपाटातली काळी डबी काढली, टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि गेली. कारखान्यातला कॉम्प्युटर सोमवारपासून बंद आहे. वरच्या मजल्याचा नळ पुन्हा गळतो, जिन्यात पाणी. मुलाचं पत्र नाही. संध्याकाळी सूनबाईचा फोन, “आई, चालू झालं!” पाव संपला.

सासूबाईंच्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद एवढीच. लग्नाआधीपासून त्या रोज संध्याकाळी लिहीत आल्या, आणि शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली शिस्त अशी की जे घडलं ते लिहायचं, मनातलं लिहायचं नाही. पण त्या फोनच्या मागे काय होतं आणि पुढे काय वाढून ठेवलं होतं, ते चार ओळींत मावणारं नव्हतं.

सूनबाई पाय तयार करण्याच्या कारखान्यात कामाला होती. ज्यांचा पाय कापावा लागला त्यांना कृत्रिम पाय करून, बसवून, त्यावर चालायला शिकवून घरी पाठवायचं, हे तिथलं काम. कारखाना कसला, दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. पुढच्या खोलीत धरून चालायच्या दोन दांड्या आणि भिंतीला उंच आरसा. मधल्या खोलीत कॉम्प्युटर. शेडमध्ये कोरणीचं यंत्र, प्लास्टिक तापवायची भट्टी आणि थोरले मिस्त्री. धाकटे मिस्त्री कुणी नव्हतेच, पण या माणसाला नुसतं मिस्त्री म्हणायची कुणाची छाती झाली नसावी.

सूनबाईला सगळे मापबाई म्हणत. ती शिंप्याची मुलगी. लहानपणी बापाच्या दुकानात टेपचं दुसरं टोक धरायला उभी राहायची. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या कमरेचा आकडा ती मनात धरायची, आणि बापाने खरा आकडा सांगेपर्यंत ओठ घट्ट मिटून उभी. बरोबर आला तर दिवसभर खूश. लग्न होऊन या घरात आली तेव्हा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ पाण्यावर. घरात सासू-सून दोघीच, आणि दोघींनाही रिकामं बसायची सवय नाही. “तू कुठेतरी काम धर बाई,” सासूबाई म्हणाल्या होत्या, “नाहीतर आपण दोघी दिवसभर एकमेकींचे डबे लावत बसू.” म्हणून ती कारखान्यात प्लास्टरच्या बादल्या धुवायला लागली. बादल्या धुता धुता माप घ्यायला शिकली, आणि मग मापाची खुर्ची तिचीच झाली.

त्या काळी काम सगळं हाताचं. उरलेल्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, त्या सुकल्या की काढून आत प्लास्टर ओतायचं, म्हणजे त्या पायाचा हुबेहूब साचा तयार. मिस्त्री तो साचा कानसेने घासत. जिथे हाड टोचेल तिथे भर घालायची, जिथे मांस दाब सोसेल तिथे थोडं काढायचं. मग त्यावर तापलेलं प्लास्टिक ओढून वाटी करायची. त्या वाटीला सॉकेट म्हणतात, आणि सगळा पाय म्हणजे ते सॉकेट. खालचा दांडा आणि पंजा कुठेही मिळतो.

उरलेला पाय काही एका मापाचा राहत नाही. पहिल्या वर्षात तो आटतो, कधी सुजतो, कधी हाडाचं टोक पुढे येतं. मग नवं माप, नवा साचा. आणि नवा साचा झाला की मिस्त्री जुना साचा शेडच्या उंबऱ्यावर ठेवत आणि हातोड्याने त्याचे तुकडे करत. पूर्वी कधी तरी एका मास्तरांचा पाय चुकून जुन्या साच्यावर बनला होता, आणि मास्तर महिनाभर अंथरुणाला खिळले होते. तेव्हापासूनचा हा नियम. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने पुढे आयुष्यभर ताक फुंकून प्यावं, तसं मिस्त्रींचं झालं होतं. “जुनं माप घरात ठेवायचं नाही, मापबाई,” ते म्हणत. “जुनं माप म्हणजे दबा धरून बसलेलं कुत्रं. आज ना उद्या चावणारच.”

पुढे कोरणीचं यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर कॉम्प्युटर. पायाभोवती स्कॅनर फिरवायचा की पायाचा आकार पडद्यावर उभा. जे मिस्त्री कानसेने करत ते मापबाई माऊसने करायला लागली, आणि यंत्र फोमच्या ठोकळ्यातून साचा कोरून द्यायचं. पण नियम तोच राहिला. एका माणसाची एकच फाइल. नवं माप आलं की ते जुन्यावरच उतरवायचं, म्हणजे जुनं आपोआप नाहीसं. हातोड्याचं काम मापबाईच्या एका बोटाने व्हायला लागलं. मिस्त्री समाधानाने म्हणाले, “हे बरं आहे. धूळ उडत नाही.”

यंत्र जुनं झालं. ते बनवणारी कंपनी बंद पडली. त्या कॉम्प्युटरमध्ये जो प्रोग्राम होता, तो आता जगात कुणी विकत नव्हतं. कॉम्प्युटर गेला तर प्रोग्राम गेला, प्रोग्राम गेला तर यंत्र म्हणजे शेडमधलं भंगार. यंत्र बसवून देणारा माणूस कंपनी बंद होताना एकदा शेवटचा येऊन गेला, आणि मापबाईला डिस्कची इमेज घ्यायला शिकवून गेला.

हे म्हणजे काय, ते घरी येऊन तिने सासूबाईंना समजावलं होतं. “आई, साधा बॅकअप म्हणजे घरातल्या महत्त्वाच्या वस्तू उचलून दुसरीकडे ठेवणं. आणि इमेज म्हणजे सगळं घरच जसंच्या तसं. कपाटं, कुलपं, दोरीवरचे कपडे, सांडलेला चहासुद्धा. घर जळालं तर तेच घर पुन्हा उभं करायचं.”

“सांडलेल्या चहासकट?”

“चहासकट.”

“मग आधी पुसून घेत जा,” सासूबाई म्हणाल्या.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मापबाई इमेज घेई. ती साठवायच्या काळ्या डब्या दोन होत्या, पुस्तकाएवढ्या. एक कारखान्याच्या फडताळात, दुसरी घरी चादरींच्या कपाटात, कारण आग लागली तर दोन्ही एका ठिकाणी नकोत. कॉपी पूर्ण झाली की पडद्यावर प्रश्न येई, ‘पडताळणी करायची का?’ म्हणजे उतरवलेलं सगळं पुन्हा वाचून मुळाशी ताडून पाहायचं का. त्याला कॉपी करण्याइतकाच वेळ लागे, आणि तोवर यंत्र अडून राही. शेडमधून मिस्त्रींचा आवाज ठरलेला, “मापबाई, झालं का तुमचं पूजाअर्चेचं? माणसं दांड्यांना लटकून उभी आहेत!” आणि मापबाई ‘नाही’वर बोट ठेवून डबी काढून घेई.

नोव्हेंबरात सोमवारी सकाळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. आतून खटखट असा आवाज आला, दातावर दात आपटल्यासारखा. दुरुस्तीवाला आला, त्याने कान लावला आणि म्हणाला, “डिस्क गेली. बॅकअप आहे ना?”

“आहे की,” मापबाई ताठ मानेने म्हणाली.

कारखान्यातली डबी लावली तर ती ओळखलीच जाईना. फडताळ भट्टीच्या भिंतीला लागून होतं. इतकी वर्षं डबी शेकत पडली होती, हे तेव्हा पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं. बुधवारी घरची डबी आणली. त्यात महिन्या-महिन्याच्या इमेज ओळीने होत्या. नोव्हेंबरची निम्म्यावर जाऊन थांबली. ऑक्टोबरची सुरूच होईना. मापबाई आणि दुरुस्तीवाला एकेक महिना मागे जात गेले. मिस्त्री शेडच्या दारात उभे होते आणि त्यांनी चक्क आवाज केला नाही. शेवटी जानेवारीची इमेज धडपणे उघडली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहिली, आणि संध्याकाळी जुनं घर पुन्हा उभं राहिलं. प्रोग्राम चालू, यंत्राने मान हलवली. दांड्यांना धरून चालणाऱ्या एका आजोबांनी दांड्या सोडून टाळ्या वाजवल्या आणि पडता पडता वाचले.

पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी आली. तिने स्वतःच जानेवारीत टाकलेली, ‘शनिवारी आईंचा चष्मा.’ तिला हसू फुटलं. मग कामाची यादी उघडली, तर सगळ्यात वर नाव होतं रंगाऱ्याचं. ‘माप घेणे, मंगळवार.’ रंगारी उन्हाळ्यात वारला होता. तिने ते नाव पुसलं.

“आता पुढे?” मिस्त्रींनी विचारलं.

“जानेवारीनंतर जे पहिल्यांदा आले त्यांच्या फाइली नाहीत. त्यांना बोलावून नव्याने मापं घ्यायची.”

“आणि आधीचे?”

“त्यांच्या आहेत,” मापबाई म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. एका माणसाची एकच फाइल, आणि जी आहे ती नवीच, कारण जुनं आपण ठेवतच नाही. इतक्या वर्षांत या गोष्टीवर कधी शंका घ्यावी लागली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरचा पाववाला कुबड्यांवर उड्या मारत आला. काखेत त्याचा पाय, सॉकेटला वरपासून खालपर्यंत तडा. दुकानातल्या भट्टीजवळ घसरला होता. “ताई, पाव काही कुबड्यांवर भाजता येत नाहीत हो. मेमध्ये केला होता तसाच करून द्या, म्हणजे झालं. लोण्यासारखा बसला होता.”

या माणसाला मधुमेह. त्यामुळेच गुडघ्याखालचा पाय गेलेला. गुडघा राहिला म्हणून तो भट्टीपुढे उभा राहू शकत होता, वाकू शकत होता, जिना चढू शकत होता. आणि उरलेल्या पायाला जाणीव फार कमी. चिमटा काढला तरी तो म्हणे, “काढलात का?”

साचलेलं काम डोंगराएवढं होतं. मापबाईने त्याची फाइल उघडली, आकार पडद्यावर आला, तिने तो यंत्राकडे पाठवला. शनिवारी पाय तयार. मिस्त्री भट्टीशी अडकलेले, त्यांनी लांबूनच विचारलं, “टोचतंय का कुठे?”

“छे! काही नाही. थोडा ढिला वाटतो एवढंच.”

“सकाळी पाय बारीक असतो,” मापबाई म्हणाली. “दोन मोजे चढवा.” हे ती रोज कुणा ना कुणाला सांगायची. पाववाला दोन मोजे चढवून आरशापुढून दोनदा चालला, स्वतःला सलाम केला आणि गेला.

सोमवारी संध्याकाळी सासू-सून वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. दोन टोकं एकीच्या हातात, दोन दुसरीच्या.

“काय गं, तुझ्या त्या यंत्राचं डोकं आलं का ठिकाणावर?”

“आलं. पण अजून जानेवारीतच आहे ते. पडद्यावर चिठ्ठी आहे, आईंचा चष्मा म्हणून. मी पुसलीच नाही, गंमत वाटली.”

“म्हणजे हाच चष्मा?” सासूबाईंनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. “अगंबाई! म्हणजे त्याच्या लेखी माझे डोळे अजून जुन्याच नंबरात. उद्या त्याला विचारून चष्मा करायला टाकला, तर जुन्या नंबराचा करून देईल, आणि वर मलाच सांगेल, आजी, तुमचाच तर नंबर आहे!”

आपल्याच विनोदावर त्या खुदकन हसल्या. समोरून हसू आलं नाही. चादरीची दोन टोकं सुनेच्या हातून सुटून जमिनीवर पडली होती.

“काय झालं गं?”

“पाववाला,” ती म्हणाली. “आई, पाववाल्याचा नंबर मेमध्ये बदलला होता.”

तिने चपला घातल्या त्या उलट्यासुलट्या. जिन्यातल्या पाण्यावरून घसरता घसरता राहिली. दुकानापर्यंतचा रस्ता तो केवढा, पण तेवढ्यात मे महिन्यातली ती दुपार तिला लख्ख दिसत गेली. उन्हाळ्याने आटलेला पाय. नडगीच्या हाडाच्या टोकावर लालसर ठिपका. मिस्त्री अंगठ्याने दाबून म्हणालेले, “इथे पोकळी करा, चांगली बोटभर. नाहीतर हे हाड एक दिवस कातडीतून बाहेर डोकावेल.” तिने स्वतः पोकळी केली होती. जुन्यावर नवं उतरवलं होतं. आणि परवा तिच्याच हातांनी जानेवारीतला पाय पुन्हा कोरला गेला होता, जाड, आणि टोकाला पोकळी नसलेला. फोडून टाकलेला साचा आख्खा होऊन परत आला होता.

दुकानात पाववाल्याची बायको गल्ला पुसत होती. “ताई, पाव संपले. सकाळी या.”

“दादा कुठेत?”

“आत. का हो?”

आत तो भट्टीपुढे उभा होता, कोपरापर्यंत पीठ. “या ताई! बघा, तीन दिवस उभा आहे, पण दुखण्याचं नाव नाही. झकास केलाय पाय.”

“दादा, बसा. पाय काढा.”

“अहो, हात पिठाचे आहेत...”

“हात राहू दे. आधी पाय काढा.”

तिचा आवाज ऐकून तो मुकाट्याने पिठाच्या पोत्यावर बसला. पाय काढला. वरचा मोजा पांढरा होता. आतला मोजा निघेना. तिने गुडघ्यावर बसून कोमट पाण्याने भिजवत भिजवत तो सोडवला. टोकाला तपकिरी डाग, आणि डागाखाली हाडाच्या टोकावर कातडीच नव्हती. लालभडक खड्डा, कडा पांढऱ्या पडलेल्या.

पाववाला खाली वाकून बघत राहिला. दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसा. “हे कधी झालं?” तो म्हणाला. “मला कळलं कसं नाही?”

त्याची बायको दारात येऊन उभी होती.

“चूक माझी आहे,” मापबाई म्हणाली. “जुन्या मापाचा पाय दिला गेलाय तुम्हाला.”

“जुनं माप आलं कुठून?” बायकोने विचारलं. “तुम्ही तर जुनं ठेवत नाही म्हणता. मिस्त्री छाती ठोकून सांगतात सगळ्यांना.”

“ठेवत नाही. कॉम्प्युटर बिघडला होता. घरी ठेवलेल्या डबीतून तो परत उभा केला, त्याच्याबरोबर ते परत आलं.”

“अस्सं! मापं येतात परत,” बायको म्हणाली. “आमच्या घरात पाय गेला तो काही आला नाही हो परत. आता गुडघा गेला तर तोही तुमच्या डबीत आहे का बघा.”

“अगं, गप,” पाववाला म्हणाला.

“का गप? दुखतंय मला. तुम्हाला दुखत नाही ना, म्हणून मला दुखतंय.”

रिक्षा करून तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी जखम धुतली, आतपर्यंत पाहिली आणि सरळ सांगितलं की हाडापर्यंत विष गेलं तर गुडघा ठेवता येणार नाही. पाय लावायचा नाही, जमिनीला टेकवायचा नाही, रोज पट्टी. “साखर सांभाळा, आणि वाट बघा,” ते म्हणाले. वाट बघण्याचं औषध कुठल्या दुकानात मिळत नाही.

सकाळी मापबाई मिस्त्रींपुढे ते सॉकेट ठेवून उभी राहिली. सगळं सांगितलं. मिस्त्रींनी सॉकेटमध्ये हात घालून टोकाशी अंगठा फिरवला, जिथे पोकळी हवी होती तिथे. मग ते शेडच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि हातोडा उचलला. प्लास्टिक प्लास्टरसारखं फुटत नाही. ते उडालं, लवलं, पुन्हा उडालं. मिस्त्री घामाघूम होईपर्यंत मारत राहिले.

“पडताळणी करायची नाही, हे कुणी सांगितलं होतं?” त्यांनी दम घेत विचारलं.

“तुम्ही. दर महिन्याला ओरडता, यंत्र सोडा म्हणून.”

“ओरडतो,” मिस्त्री म्हणाले. “ओरडतो म्हणून ऐकायचं असतं होय?” आणि हातोडा खाली ठेवून ते भट्टीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या आठवड्यात कारखान्यात नवं काम घेतलं नाही. जानेवारीच्या आधीपासून येणाऱ्यांपैकी कुणाकुणाचं माप नंतर बदललं, याची खूण कुठेच नव्हती. नवं जुन्यावर उतरलेलं, आणि आता जुनंच तेवढं राहिलेलं. मापबाई डोळे मिटून खुर्चीत बसे आणि एकेक माणूस दारातून आत येताना आठवे, बापाच्या दुकानात आठवायची तशी. शिंदीच्या झाडासारखी उंच बाई, तिचा पाय पावसाळ्यात सुजला होता. टाळ्या वाजवणारे आजोबा, त्यांचा बदलला नाही. पोस्टमन, बदलला. पण स्वतःच्या आठवणीवरचा तिचा विश्वास उडाला होता. शेवटी तिने सगळ्यांनाच फोन केले, आठवलेल्यांना आणि न आठवलेल्यांनाही. काहींनी बोल लावले. पोस्टमन म्हणाला, “म्हणजे माझा पाय नेमका कुठल्या महिन्यात आहे, बाई?” तिने त्याला दुसऱ्या दिवशीची वेळ दिली.

“आता जुनी मापं ठेवायची,” तिने मिस्त्रींना सांगितलं. “प्रत्येकावर महिना घालून.”

मिस्त्रींनी उंबऱ्यावरच्या हातोड्याकडे पाहिलं. “म्हणजे साचे फोडायचे नाहीत.”

“नाहीत.”

“मग मी म्हातारपणी करू काय हातोड्याचं?” ते म्हणाले, आणि उठून गेले. ‘हो’ म्हणाले असं त्याला म्हणता येणार नाही, पण ‘नाही’ही म्हणाले नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी इमेज घेऊन झाली, पडद्यावर प्रश्न आला, आणि मापबाईने ‘हो’वर बोट ठेवलं. यंत्र अडून राहिलं. मिस्त्री चहा प्यायला बाहेर जाऊन बसले आणि पडताळणी संपेपर्यंत परत आले नाहीत.

रोज संध्याकाळी कामावरून सुटली की ती पाववाल्याकडे जाई. पट्टी करायला परिचारिका येई, ही नुसती कंदिलासारखी बॅटरी धरून उभी. पाववाला एका उंच स्टुलावर बसून बायकोला भट्टी शिकवत होता. “अगं, वरून रंग बघू नको, तळ बघ! वास आला म्हणजे वेळ गेली!” बायको पावाचा पत्रा आपटून म्हणे, “मग नाकात बोट घालून बसा तुम्ही, म्हणजे वास यायचा नाही.” मापबाईशी मात्र ती चकार शब्द बोलत नसे. तिच्याकडे बघतही नसे. मापबाई बॅटरी धरायची, विझवायची, घरी यायची. घरी सासूबाई काही विचारत नसत. ताट वाढून समोर बसत. एकदा मात्र त्या म्हणाल्या, “सांडलेला चहा पुसून घेत जा म्हटलं होतं मी. तेव्हा नुसतंच बोलले होते गं.” सून म्हणाली, “माहीत आहे, आई.”

गुरुवारी डॉक्टरांनी जखम पाहिली. मांस भरतंय म्हणाले. कडा जरा बऱ्या आहेत. पण खोलवर एक जागा अजून ओली आहे, आणि गुडघ्याबद्दल ते इतक्यात काही बोलणार नाहीत. पुन्हा सोमवारी दाखवा. पाववाला म्हणाला, “भरतंय म्हणाले ना? मग झालं.” त्याला खरंच तेवढं पुरलं की बायकोसाठी तो तसं म्हणाला, हे मापबाईला ओळखता आलं नाही. माणसाच्या कमरेचा आकडा ओळखता येतो, हे येत नाही.

ती निघाली तेव्हा पाववाल्याची बायको गल्ल्यावर होती. मापबाई पायरी उतरली, तेवढ्यात मागून कागदाचा आवाज झाला. गल्ल्याच्या फळीवर कागदात गुंडाळलेला पाव ठेवलेला होता. बायको पाठमोरी होऊन पत्रे रचत होती. मापबाईने पाव उचलला. कागद गरम होता. ‘येते’ म्हणावं की न म्हणावं, हे न ठरवताच ती पाव छातीशी धरून घरी आली.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी तारीख घातली, गुरुवार, दि. ११ डिसेंबर, आणि खाली लिहिलं: वरचा नळ दुरुस्त झाला, जिना कोरडा. पाव आला. तळाला करपलेला. करपलेलं कापून टाकलं, वरचा दोघींना पुरला.